कम्युनिटी कॉलेजातील इतिहास

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज म्हणजे शालेय शिक्षणानंतरचे, मुख्यत्वे दोन वर्षांचे आणि बहुतांशी सरकारी निधीवर चालणारे महाविद्यालय. या संस्थांना पूर्वी ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणत. मात्र महाराष्ट्रातील अकरावी-बारावीच्या कनिष्ठ महाविद्यालयाशी त्यांची गल्लत होता कामा नये. येथे पूर्ण केलेले अभ्यासक्रम चार वर्षांच्या पदवीचा पूर्वार्ध ठरू शकतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याचा खरा पेच या ‘ठरू शकतात’मध्येच आहे.

इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी अशा शिक्षणाचा आरंभ झाला. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने त्याच्या विस्ताराचा पुरस्कार केला. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ महाविद्यालये आहेत. तेथील रहिवाशांना २०१२ पासून एका युनिटसाठी ४६ डॉलर शुल्क पडते. म्हणजे तीन युनिटांचा इतिहासाचा एक अभ्यासक्रम १३८ डॉलरमध्ये होतो. परदेशी विद्यार्थ्यांना मात्र याच्या कितीतरी पट रक्कम मोजावी लागते.

अभ्यासक्रमांचे स्वरूप सर्वेक्षणात्मक असते. अमेरिकेचा इतिहास दोन भागांत शिकवला जातो आणि त्यांची सीमारेषा बहुधा १८७७ या वर्षावर, यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या समाप्तीवर, आखलेली असते. जोडीला जागतिक इतिहास किंवा पाश्चात्त्य संस्कृतीचा इतिहास असतो. सखोल संशोधनाची अपेक्षा येथे ठेवू नये. अध्यापनाचा मोठा भार अर्धवेळ प्राध्यापकांवर असतो. एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे मोटार हाकत तास घेणाऱ्या या मंडळींना कॅलिफोर्नियात ‘फ्री-वे फ्लायर’ असे काहीसे केविलवाणे नाव पडले आहे.

अडचण येते ती विद्यापीठात जाताना. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली दिलेल्या अहवालानुसार, २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट नव्या ठिकाणी वाया गेल्याचा अंदाज आहे. हा आकडा सर्व प्रकारच्या स्थलांतरांचा आहे. सरकारी संस्थांमध्ये नुकसान कमी, तर नफेखोर खासगी संस्थांतून आलेल्यांचे फार मोठे होते. तरीही शिकलेला विषय पुन्हा पैसे भरून शिकण्याची वेळ अनेकांवर येते. अल्प शुल्काचा लाभ मग कागदावरच राहतो.

यावर कॅलिफोर्नियाने २०१० साली कायदा केला. इतिहासातील विशिष्ट ‘असोसिएट’ पदवी ६० युनिटांसह, त्यांपैकी किमान १८ मुख्य विषयाची, पूर्ण केल्यास कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत प्रवेशाची हमी मिळते. अनुरूप अभ्यासक्रम निवडल्यास आणखी ६० युनिटांत पदवी पूर्ण करता येते. मात्र पसंतीच्याच शाखेत जागा मिळेल, अशी ही हमी नाही. बर्कली, लॉस एंजेलिस आदी शाखा असलेले युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया या तरतुदीने बांधलेले नाही. कोणता अभ्यासक्रम कोठे ग्राह्य धरला जातो, याची अधिकृत सूची ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर मिळते. ती पहिल्या सत्राच्या नोंदणीपूर्वीच पाहावी लागते.