दारू आणि पाळी : मधेच अंगावरून गेलं तर लपवू नका, दारूवर ढकलूही नका

निफाड : आपला तालुका द्राक्षांचा, विंचूरला वाइन पार्कही आहे. दारूची चर्चा इथे रोजची, पण ती पुरुषांच्या दारूची. बाई घेते, हे घरात कुणी बोलत नाही. त्यामुळे पाळी नसताना रक्त गेलं की ती दोन्ही गोष्टी लपवते आणि दुखणं अंगावर काढते. उपचाराला उशीर होतो तो इथेच.

दारूने काय बिघडतं?

कधीतरी घेतलेल्या एका ग्लासाने लगेच रक्तस्राव होतो, असं सिद्ध झालेलं नाही. रोज किंवा एका बैठकीत भरपूर घेतली तर मात्र हार्मोन्सचा मेळ बिघडू शकतो. स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही. पाळी चुकते, लांबते किंवा मधेच डाग पडतात.

दुसरा संबंध यकृताचा. रक्त गोठायला लागणारे बरेचसे घटक यकृतात तयार होतात. अनेक वर्षांच्या दारूने यकृत खराब झालं, प्लेटलेट्स कमी झाल्या, की रक्त लवकर थांबत नाही आणि पाळीत जास्त जाऊ शकतं.

दारू आणि गोळी एकत्र नको

पाळीत पोट दुखतं म्हणून दोन घोट ब्रँडी घेणं हा उपाय नाही. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्यांसोबत दारू घेतली तर जठरात रक्तस्रावाचा धोका वाढतो. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर ताबडतोब दवाखाना गाठा. रोज पिणाऱ्यांनी पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

कारण दुसरंही असू शकतं

गर्भधारणा, गर्भपात, तांबी, चुकलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, थायरॉइड, गर्भाशयातल्या गाठी, जंतुसंसर्ग, गर्भाशयमुखाचा कॅन्सर, यांतल्या कशानेही मधेच रक्त जाऊ शकतं. ‘त्या दिवशी घेतली होती म्हणून झालं असेल’ असं म्हणून गप्प बसलात, तर खरं कारण मागे राहतं.

दवाखान्यात कधी जायचं?

– तासाला एक पॅड भिजतंय आणि असं दोन तास चाललंय
– पाळी आठ दिवसांपेक्षा जास्त चालते, मोठ्या गाठी पडतात
– दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधांनंतर रक्त दिसतं
– पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी पडला

दिवस राहिल्याची शंका आहे आणि रक्तासोबत पोटात जोरात दुखतंय, चक्कर येतेय, तर वाट पाहू नका. 108 ला फोन करा. गर्भारपणात दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही.

हिमोग्लोबिन तपासून घ्या

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. गर्भवती नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. आधीच रक्त कमी, त्यात जास्त जाणं. मग बागेत काम करताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. ‘उन्हाचं झालं असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

डॉक्टरांना काय सांगायचं?

पाळीच्या तारखा, दिवसाला किती पॅड, कोणत्या गोळ्या, आणि दारू किती व कधीपासून. लाजू नका. डॉक्टरांना हे उपचारासाठी लागतं, आणि ते गुप्त ठेवणं त्यांचं कर्तव्य आहे. घरचे सोबत असतील तर ‘मला एकटीला बोलायचंय’ असं सांगा. थेट डॉक्टरांकडे जायला अवघड वाटत असेल तर आधी आशाताईंना सांगा. कुणी लगेच पिशवी काढायला सांगितलं, तर सोनोग्राफीत काय आलं, गोळ्यांनी थांबेल का, हे विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

रोज पिणारीने दारू एका झटक्यात बंद करू नये. हात थरथरणं, झटके येणं असा त्रास होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.