ओपिनेल

ओपिनेल : फ्रान्समधील साव्हॉय या आल्प्सच्या डोंगराळ प्रदेशात 1890 पासून तयार होणारा, लाकडी मुठीचा, पाते मुठीत मिटणारा स्वस्त चाकू. जोसेफ ओपिनेल (1872–1960) याने तो घडवला व त्याच्याच आडनावाने तो ओळखला जातो. सर्वांत लोकप्रिय आकार क्रमांक 8 चा. त्याचे पाते 8.5 सेंमी., मूठ सुमारे 11 सेंमी. आणि वजन 50 ग्रॅमच्या आत असते. फ्रान्समध्ये साधा क्रमांक 8 दहा ते पंधरा युरोंच्या आसपास मिळतो. रोज खिशात ठेवायच्या चाकूंत इतक्या कमी किमतीत इतके चांगले कापणारे पाते क्वचितच सापडते.

क्रमांक 8 चा सगळा चाकू पाच भागांचा आहे : पाते, मूठ, दोहोंना जोडणारा खिळा, मुठीच्या तोंडाशी पक्के बसवलेले कडे आणि त्यावर फिरणारे दुसरे कडे. स्विस सैनिकी चाकूत किंवा फ्रान्सच्याच लाग्योल चाकूत पाते ताणून धरण्यासाठी मुठीच्या पाठीत स्प्रिंग असते. येथे ती नाही. पाते लाकडाच्या खोबणीत नुसत्या घर्षणाने धरून राहते. ओपिनेल स्वस्त आहे तो याच कारणाने. हलका माल वापरून त्याची किंमत पाडलेली नाही. मुळात भागच कमी ठेवले आहेत. मूठ बहुधा बीच लाकडाची असते. ती गोलसर, मध्ये किंचित फुगीर व मागे निमुळती असल्याने हाताला रुतत नाही आणि बराच वेळ कापत बसले तरी तळहात दुखत नाही.

साव्हॉय 1860 मध्ये फ्रान्सला जोडला गेला. तेथील सँ-जाँ-द-मोरिएन या गावाजवळ ओपिनेल घराण्याची भट्टी होती. जोसेफचे वडील दान्येल यांच्या कुऱ्हाडी, कोयते आणि छाटणीची हत्यारे पंचक्रोशीत नावाजलेली होती. तरुण जोसेफला यंत्रांची ओढ होती. वडिलांचा विश्वास हातकामावर होता. जोसेफने फावल्या वेळात मित्रांसाठी काही खिशातले चाकू केले, ते लोकांना आवडले आणि लवकरच मुठी कापण्यासाठी त्याने स्वतः यंत्र तयार केले. 1897 मध्ये 1 ते 12 असे बारा आकार ठरले. सर्वांत लहान क्रमांक 1 घड्याळाच्या साखळीला अडकवण्याजोगा होता. पुढे 1930 नंतरच्या दशकात क्रमांक 1 व 11 बंद झाले. बाकीचे क्रमांक अजून चालू आहेत. चाकूचा प्रसार फेरीवाल्यांनी आणि रेल्वे कामगारांनी केला. शेतकरी, गुराखी, द्राक्षमळ्यातले मजूर हे त्याचे पहिले गिऱ्हाईक. 1911 मध्ये तुरीनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत सुमारे दोन कोटी चाकू विकले गेले होते. आजचा कारखाना शाँबेरी शहरात आहे.

पात्यावर मुकुट आणि आशीर्वाद देणारा हात अशी मुद्रा असते. प्रत्येक चाकू-कारागिराने आपल्या मालावर खूण उमटवावी, असा हुकूम फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याने 1565 मध्ये काढला होता. त्या परंपरेला धरून जोसेफने 1909 मध्ये ही मुद्रा घेतली. हात सँ-जाँ-द-मोरिएनच्या गावमुद्रेतला आहे : बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या बोटांचे अवशेष तेथील चर्चमध्ये आहेत, अशी श्रद्धा आहे. मुकुट साव्हॉयच्या सरदारकीचा.

मूळच्या चाकूत एक धोका होता. पात्याच्या पाठीवर दाब आला की ते बोटांवर मिटू शके. जोसेफचा मुलगा मार्सेल याने 1955 मध्ये फिरते कडे बसवून तो दूर केला. पाते पूर्ण उघडून कडे थोडे फिरवले की खोबणीचे तोंड बंद होते व पाते मागे येऊ शकत नाही. 2000 पासून मिटलेल्या स्थितीतही ते अडकवता येते, म्हणून खिशात चाकू आपोआप उघडत नाही. क्रमांक 6 पासून पुढच्या आकारांना हे कडे असते. 2 ते 5 यांना नसते. उघडायला दोन्ही हात लागतात ही काहींना उणीव वाटते. घरात मुले असतील तर तीच सोय आहे. मुलांसाठी बोथट टोकाचा क्रमांक 7 वेगळा काढलेला आहे.

पाते दोन प्रकारच्या पोलादाचे मिळते. कार्बन पोलादाला धार चटकन लागते. साध्या निसण्यावर चार-सहा हात फिरवले तरी पुरते. ते गंजते मात्र फार लवकर. कैरी, लिंबू किंवा कांदा कापल्यावर त्यावर करडे-काळे डाग पडतात. हे डाग म्हणजे अपाय नव्हे. ते जमत गेले की पात्यावर पातळ थर धरतो व त्याने गंजाला थोडा आळा बसतो. तांबूस गंज दिसला तर मात्र तो लगेच घासून काढावा. दुसरा प्रकार स्टेनलेस. त्यात 13–14 टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असते व देखभाल कमी लागते. कोकण-गोव्याच्या दमट हवेत चाकू रोज पुसून तेलाचा हात लावण्याची सवय नसलेल्याने स्टेनलेसच घ्यावा. पाते पातळ, जेमतेम दीड-पावणेदोन मिमी. जाडीचे असते. फळ, पाव, काकडी, सुतळी, पार्सलची चिकटपट्टी, पेन्सिलीचे टोक यांसाठी याहून जाड पाते नकोच. त्याने डब्याचे झाकण उचकटू नये, स्क्रू पिळू नये. टोक मोडते आणि दोष चाकूचा नसतो.

लाकडी मुठीचा स्वभाव पावसाळ्यात कळतो. ओल शोषून लाकूड फुगते आणि पाते खोबणीत इतके घट्ट बसते की नखाने खाचेत ओढूनही निघत नाही. साव्हॉयचे लोक अशा वेळी कडे मोकळे करून मुठीचे मागचे टोक टेबलावर हलके आपटतात. पाते थोडे बाहेर येते व मग धरून उघडता येते. चाकू पाण्यात बुडवून ठेवू नये, धुतल्यावर अर्धवट उघडा ठेवून सावलीत वाळवावा. नवा असतानाच मुठीला व खोबणीला जवसाचे तेल पाजले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने 1985 मध्ये जगातील सर्वांत सुंदर शंभर उत्पादनांत ओपिनेलची निवड केली. त्याच निवडीत पोर्शे 911 मोटार आणि रोलेक्स घड्याळ होते. त्या दोन्ही वस्तू बहुतेकांना विकत घेता येत नाहीत, ओपिनेल घेता येतो. म्हणून हा मान मला विशेष योग्य वाटतो.

जवळ बाळगण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. फ्रान्समध्येही योग्य कारणाशिवाय चाकू घेऊन फिरणे कायद्याला मान्य नाही. ब्रिटनमध्ये 1988 च्या कायद्यानुसार, पाते न अडकणारा आणि 3 इंचांपर्यंत धारेचा मिटणारा चाकूच विनाकारण जवळ ठेवता येतो. त्यामुळे कडे असलेला क्रमांक 8 तेथे सबळ कारणाशिवाय चालत नाही, बिनकड्याचा क्रमांक 5 चालतो. भारतात शस्त्र नियमांतील धारदार शस्त्रांची व्याख्या 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांपासून सुरू होते व घरगुती वापराची हत्यारे तिच्यातून वगळली आहेत. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली सणासुदीला, निवडणुकीत वा तणावाच्या काळात जे मनाई आदेश निघतात, त्यांत शस्त्रांबरोबर चाकूंचाही उल्लेख असतो. अशा दिवसांत चाकू घरीच ठेवावा. विमानात तो हातातल्या पिशवीत नेता येत नाही. सामानात द्यावा लागतो.