हृदयाचे अंगभूत तंत्रिका तंत्र व तालबिघाड

हृदयाचे अंगभूत तंत्रिका तंत्र : हृदयाच्या बाह्यावरणाखालील मेदात, मुख्यतः अलिंदांच्या मागच्या बाजूस व फुप्फुस-नीलांच्या मुखांभोवती विखुरलेल्या तंत्रिका-गुच्छिका आणि त्यांना जोडणारे तंतू यांचे जाळे. मेंदू व मेरुरज्जूकडून आलेल्या आदेशांची हृदयातूनच उठणाऱ्या संवेदनांशी येथे सांगड घातली जाते. या जाळ्यातील तोल ढळणे हे हृदयताल बिघडण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे.

रचना : हृदयात गुच्छिका असल्याचे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट रेमाक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवले. आलेला आदेश पुढे पाठवणे एवढेच त्यांचे काम, असे दीर्घकाळ मानले जाई. स्थानिक निर्णयही तेथे होतात, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस जे. अँड्र्यू आर्मर यांच्या संशोधनातून पुढे आले आणि ‘हृदयावरचा छोटा मेंदू’ हे वर्णन रूढ झाले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या लिथुएनियातील एका अभ्यासात मानवी हृदयात सरासरी ८०० हून अधिक गुच्छिका आढळल्या.

कार्य : ठोका तंत्रिका सुरू करत नाहीत, तो कोटर-अलिंद गाठीतील पेशींतून आपोआप उमटतो. तंत्रिका त्याची गती ठरवतात. व्हेगस ही परानुकंपी तंत्रिका ॲसिटिलकोलीनद्वारे गती कमी करते, तर अनुकंपी तंतू नॉरॲड्रेनलीनद्वारे वाढवतात. विश्रांतीत व्हेगसचा लगाम वरचढ असतो. प्रत्यारोपित हृदयाच्या बाहेरून येणाऱ्या तंत्रिका तुटलेल्या असल्याने ते विश्रांतीतही मिनिटाला साधारण ९० ते ११० ठोके देते.

तालबिघाड : ॲसिटिलकोलीनमुळे अलिंदाच्या पेशी पुढच्या विद्युत्-लहरीसाठी लवकर सज्ज होतात, त्यामुळे लहरी तिथल्या तिथे फिरत राहू शकतात. नॉरॲड्रेनलीनमुळे पेशींतील कॅल्शियम वाढून अवेळी ठोके उमटतात. दोन्ही परिणाम एकाच वेळी झाले, तर अलिंद-कंपनाला (अलिंदांच्या जलद, अनियमित थरथरीला) पोषक स्थिती तयार होते. असे अवेळी ठोके बहुधा फुप्फुस-नीलांतून उगम पावतात, हे १९९८ मध्ये फ्रान्समधील मिशेल हायसागेर व सहकाऱ्यांनी दाखवले. गुच्छिकांचे दाट पुंजके याच नीलांच्या मुखाशी असतात. काहींना अलिंद-कंपनाचा झटका रात्री किंवा जेवणानंतर येतो, काहींना श्रम करताना. पहिल्यात व्हेगसचा आणि दुसऱ्यात अनुकंपी तंतूंचा हात अधिक मानतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर मेलेल्या स्नायूच्या कडेला अनुकंपी तंतूंची विषम वाढ होते. निलयातील घातक तालबिघाडाशी तिचा संबंध जोडला जातो.

विंचूदंश : तंत्रिकांच्या या ओढाताणीचे उघड रूप महाराष्ट्राच्या ग्रामीण दवाखान्यांत दिसते. कोकणापासून धाराशिवसह मराठवाड्यापर्यंत दगड, सरपण किंवा गोवऱ्या हलवताना लाल विंचू डसण्याचे प्रसंग येतात. त्याचे विष तंत्रिकांतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. आरंभी घाम, लाळ, उलट्या, कधी मंद नाडी अशी परानुकंपी लक्षणे दिसतात. मग अनुकंपी लाट येते, रक्तदाब चढतो, ठोके जलद व कधी अनियमित होतात, हातपाय गार पडतात आणि फुप्फुसांत पाणी भरू शकते. मूळचे जालना जिल्ह्यातील देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील बिरवाडी व महाड येथे ही लक्षणे बारकाईने नोंदवली. १९८० च्या दशकात त्यांनी प्राझोसिन हे अल्फा-ग्राहक रोखणारे औषध वापरून मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर घटवले. घाम व लाळ थांबवण्यासाठी ॲट्रोपिन दिल्यास व्हेगसचा लगाम सुटतो आणि अनुकंपी लाट अधिकच उसळते. म्हणून ते सरसकट देत नाहीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७० रुग्णांच्या चाचणीत केवळ प्राझोसिन घेतलेल्यांपैकी २२.९ टक्के, तर सोबत प्रतिविषही मिळालेल्यांपैकी ९१.४ टक्के रुग्ण दहा तासांत बरे झाले. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

उपचार : अनुकंपी प्रभाव कमी करण्यासाठी बीटा-ग्राहक रोधक औषधे सर्वाधिक वापरली जातात. व्हेगसच्या अतिरेकाने वारंवार मूर्च्छा येणाऱ्या निवडक रुग्णांत अलिंदाच्या आतून काही गुच्छिका निकामी करण्याची पद्धत ब्राझीलमधील पाचोन यांनी २००५ मध्ये मांडली. अलिंद-कंपनात मात्र याच उपायाला मर्यादा दिसल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील २४० रुग्णांच्या चाचणीत, प्रगत अलिंद-कंपनावरील शस्त्रक्रियेला गुच्छिका निकामी करण्याची जोड दिल्याने ताल अधिक काळ टिकला नाही, उलट गुंतागुंत वाढली. एकाच गुच्छिकेतून व्हेगसचा लगाम आणि अनुकंपी चाबूक या दोन्हींचे तंतू जात असल्याने, ती जाळताना त्यांपैकी एकच निवडून तोडता येत नाही.