बत्तीस घरांचे एक वचन

रोज पवित्र शास्त्रातले एक वचन वाचायचे आणि त्याच्याच आधाराने प्रार्थना करायची, हा रिवाज ख्रिस्ती घरांत इतका रुळला आहे की तो माणसाच्या एकांतातून निपजला असावा, असे सहज वाटते. पण त्याच्या एका जुन्या आणि आजवर अखंड चालत आलेल्या शाखेचे कूळ शोधत गेले, तर आपण जर्मनीतल्या झाक्सनमधल्या हेर्नहूट या गावी पोहोचतो, आणि तिथे एकांत सापडत नाही. सापडते ते भांडण. १४१५ मध्ये जिवंत जाळल्या गेलेल्या यान हुसची परंपरा मानणारी काही कुटुंबे मोराव्हियात लपूनछपून आपला धर्म पाळत होती. छळ असह्य झाल्यावर त्यांतली काही सीमा ओलांडून निकोलाउस फोन त्सिन्झेनडॉर्फ या तरुण सरदाराच्या जमिनीवर आली, आणि १७२२ च्या जूनमध्ये क्रिस्टियान डाव्हिड या सुताराने पहिले झाड तोडून वसाहतीला सुरुवात केली. पुढच्या चार-पाच वर्षांत तिथे लुथरपंथी आले, कॅल्व्हिनच्या मताचे आले, आणखीही काही आले. जो तो श्रद्धेपायी घरदार सोडून आलेला. त्यामुळे श्रद्धेच्या बाबतीत माघार घेणे कुणालाच जमेना. वसाहत फुटायच्या बेताला आली. शेवटी त्सिन्झेनडॉर्फने ड्रेस्डेनच्या दरबारातले काम बाजूला ठेवले, घरोघरी जाऊन लोकांशी बोलणी केली, आणि १२ मे १७२७ रोजी सर्वांनी एकत्र राहण्याचे नियम मान्य केले. त्याच वर्षी १३ ऑगस्टला सगळी वसाहत शेजारच्या बेर्टेल्सडोर्फच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला एकत्र बसली. रोजच्या वचनाचा जन्म या समेटानंतर वर्षभरातच झाला. माझे म्हणणे असे की तो समेटासाठीच झाला.

३ मे १७२८ च्या संध्याकाळच्या सभेत त्सिन्झेनडॉर्फने मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वाक्य दिले. ते शास्त्रवचन नव्हते, येशूच्या प्रेमाविषयीच्या एका गीताच्या ओळी होत्या. शास्त्रवचनांचा क्रम पुढे बसत गेला. महत्त्वाचे आहे ते पुढे काय घडले हे. गावात तेव्हा ३२ घरे होती. सकाळी मंडळीतला कुणी बंधू दारोदार जाऊन ते वाक्य सांगे, त्यावर घरच्यांशी बोले आणि त्या घराचे कसे चालले आहे याची विचारपूस करी. म्हणजे वचन घरात येत होते ते शेजाऱ्याच्या तोंडून. वर्षापूर्वी ज्याच्याशी बोलणे तुटले होते तोच माणूस उंबऱ्याशी उभा, आणि त्याच्या ओठांवरचे वाक्य आज आपल्यालाही दिवसभर मनात घोळवायचे आहे, ही व्यवस्था मला कोणत्याही लेखी करारापेक्षा पक्की वाटते. १७३१ साली वर्षभराची वचने छापून निघाली आणि तेव्हापासून हे पुस्तक दरवर्षी निघत आले आहे. छपाईने दारोदारचा फेरा संपवला, पण वाट लांबवली. १७३२ मध्ये या मंडळीचे पहिले दोन मिशनरी कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटाकडे निघाले. पुढे याच मंडळीचे लोक १८५६ मध्ये लाहूलमधल्या केलाँगला आणि १८८५ मध्ये लेहला स्थिरावले. पत्राला महिनोन्‌महिने लागत, तिथेही आज गावाकडे कोणते वचन वाचले जाते आहे हे ठाऊक असू शकत होते.

यात नवे काय, असे कुणी विचारील. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी स्तोत्रांचे आणि वाचनाचे प्रहर ठरवून दिले होते. १५४९ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकात क्रॅनमरने सकाळ-संध्याकाळचे पाठ आणि महिन्याभरात पुरी होणारी स्तोत्रसंहिता बसवली होती. हे सगळे खरे, आणि हेर्नहूट त्या ऋणातून सुटत नाही. पण मठाच्या उपासनेला घंटा, गायकवृंद आणि लॅटिन हवे. क्रॅनमरच्या क्रमाला चर्च आणि निवांत वेळ हवा. सुताराला आणि विणकराला काम करता करता सोबत ठेवता येईल, इतके लहान हेर्नहूटने ते केले. एकच वाक्य, आणि सगळ्यांना तेच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जुन्या करारातले रोजचे वचन हेर्नहूटमध्ये चिठ्ठ्या टाकून ठरते. सुमारे १,८०० निवडक वचनांना क्रमांक दिलेले असतात. एका भांड्यातून क्रमांकाची चिठ्ठी काढायची, नोंद करायची, पुढची काढायची, असे वर्षातल्या प्रत्येक दिवसासाठी, आणि तेही जवळजवळ तीन वर्षे आधी. मग हा कौल लावण्याचाच प्रकार नाही का? यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली, हा शास्त्राधार या मंडळीजवळ होता, आणि तिने तो फार ताणलाही: लग्ने जुळवतानासुद्धा चिठ्ठी टाकली जाई. ती प्रथा एकोणिसाव्या शतकात मागे पडली हे बरेच झाले. वचनाची चिठ्ठी मात्र उरली, आणि ती उरणे मला योग्य वाटते, कारण इथे चिठ्ठी काय करायचे ते सांगत नाही. ती फक्त निवडणाऱ्याचा हात बाजूला काढते. तीन मतांच्या लोकांत वचन निवडायचा अधिकार एकाकडे गेला असता, तर प्रत्येक वचनामागे कुणाला तरी टोमणा दिसला असता. चिठ्ठीने आलेल्या वचनाला जोड म्हणून नव्या करारातले वचन माणसे विचारपूर्वक शोधतात, आणि तिसरी येते ती प्रार्थना किंवा गीताचे कडवे. आधी ऐकायचे, मग समजून घ्यायचे, मग बोलायचे, असा हा क्रम आहे.

संदर्भातून तोडलेल्या वाक्याने शास्त्र कळत नाही, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तो सर्वांत नेमका मांडला तो या पुस्तकावर प्रेम करणाऱ्यानेच. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफरने १९३९ च्या ‘गेमाइन्झामेस लेबेन’ या आपल्या पुस्तकात या वचनांना आशीर्वाद म्हटले, पण ती सलग शास्त्रवाचनाची जागा घेऊ शकत नाहीत, असेही बजावले. आजच्या आवृत्तीत रोजच्या वचनाखाली सलग वाचनाचे अध्यायही दिलेले असतात, ते याच गरजेपोटी. तोच बोनहोफर पुढे बर्लिनच्या टेगल तुरुंगात होता. १९४४ च्या पेन्टेकॉस्टला त्याने त्या दिवसांच्या वचनांवर चिंतन लिहिले, ते एबरहार्ट आणि रेनाटे बेटगे या मित्रदांपत्यासाठी. २० जुलैला हिटलरला मारण्याचा कट फसला. बोनहोफरचे त्या वर्तुळाशी संबंध होते; पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्याला उमगले असणारच. दुसऱ्या दिवशी त्याने एबरहार्टला पत्र लिहिले आणि त्यात कालच्या आणि आजच्या वचनांनी आनंद झाल्याचे कळवले. त्याला त्यांत भविष्य शोधायचे असते, तर त्याने ते स्वतःपाशी ठेवले असते. तो लिहीत होता ते तीच वचने वाचणाऱ्या दुसऱ्या माणसाला.

जर्मनीची फाळणी झाल्यावर हेर्नहूट पूर्व जर्मनीत गेले. तिथले सरकार चर्चवर नाराज असे, तरी वचनांचे पुस्तक निघत राहिले. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, कुटुंबे दोहोंकडे विभागली गेली. पत्रे उघडून वाचली जात. पण अमुक तारखेला पलीकडच्या भावाने सकाळी काय वाचले असेल, हे अलीकडच्या बहिणीला विचारावे लागत नव्हते.