पूर्वजशोध : नांदेड व लातूर

कुळातील दिवंगत पुरुषाचे वा स्त्रीचे वास्तव्य, वृत्ती, जमीनजुमला आणि मृत्यू यांचा दप्तरी नोंदींवरून माग काढणे, यास पूर्वजशोध म्हणतात. मराठवाड्याच्या या भागात त्याला एक निराळीच अडचण आहे. येथील कास्तकार पिढ्यान्‌पिढ्या एकाच शिवारात राहिला, परंतु त्याच्याभोवतीचे राज्य, जिल्हा, दप्तराची भाषा, लिपी व कालगणना बदलत गेली. परिणामी जागचा न हललेला माणूस कागदोपत्री चार ठिकाणी विखुरलेला आढळतो.

लातूर हा स्वतंत्र जिल्हा ऑगस्ट 1982 मध्ये उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातून निर्माण झाला खरा, पण त्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यात मोडत. किनवट आदिलाबादेतून नांदेडात आले. उलट नांदेडची मुधोळ, भैंसा, कुबेर, बिच्कुंदा व जुक्कल ही मंडळे आंध्रात गेली. म्हणून निलंग्याच्या पणजोबांचा कागद लातुरात मिळाला नाही, तर तो नष्ट झाला असे मानण्यापूर्वी बिदर, धाराशिव आणि हैदराबाद येथे चौकशी करणे अगत्याचे आहे.

सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या अंमलाखाली असल्याने तहसिलीचे कागद उर्दूत, त्याहून जुने फारसीत, तर गावच्या पाटील-कुलकर्ण्यांचे कागद बहुधा मोडीत असत. साल फसली लिहिले जाई. निजामी फसली वर्ष ऑक्टोबराच्या आरंभी आजूर महिन्यापासून सुरू होई. त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी फसली सालात 590 व त्यापुढील तारखेसाठी 591 मिळविले म्हणजे इसवी सन येतो. फसली 1358 हे वर्ष अशा रीतीने 1948-49 चे ठरते. याहून बिकट प्रश्न शिकस्ता, म्हणजे घाईच्या मोडक्या, हस्ताक्षराचा : ऱ्हस्व स्वर लिहिलेले नसतात, नुक्ते गाळलेले असतात, आणि नुक्त्यावाचून ब, प व त ही अक्षरे परस्परांपासून ओळखू येत नाहीत. आडनाव तर सहसा नसतेच. ‘अमुक वल्द तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढ्यावरच माणूस ओळखावा लागतो. निलंग्यात 1910 साली जन्मलेल्या सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखा फारसीज्ञ इतिहासकार ज्या भूमीने दिला, तेथे आज हे कागद वाचणारी माणसे मोजकीच उरावीत, ही मनाला लागणारी गोष्ट आहे.

जमीनधारकाच्या शोधास 1954-55 चे खासरा पत्रक हा भक्कम आरंभबिंदू होय. त्यामागे पाहणी पत्रके, त्यापुढे कुळनोंदी व वारसाचे फेरफार येतात. या शेवटच्या नोंदीवरून मृत्यूचा सुमार बहुधा कळतो. वतनदार वा इनामदार घराण्यांत विरासतीच्या चौकशीच्या मिसली (प्रकरणांची कागदपत्रे) आणि मुंतखब (हक्कमान्यतेचे दाखले) यांचे मोल विशेष, कारण हक्क शाबीत करण्यासाठी त्यांत वंशवृक्ष, म्हणजे शजरा, जोडावा लागे. भूमिहीनांच्या, बलुतेदारांच्या व सालगड्यांच्या वाट्यास असा कागद क्वचितच आला. त्यांच्यासाठी शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा आणि 1951 ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही हेच मुख्य आधार राहतात. स्त्रीचे नाव महसुली दप्तरात बहुधा वैधव्यानंतरच, वारस म्हणून, ‘कोम’ वा ‘जौजे’ (पत्नी) या शब्दाने पतीच्या नावाशी जोडलेले प्रथम दिसते. तिचे माहेर शोधावयाचे तर घरातील वृद्ध स्त्रियांनाच विचारावे लागते.

दप्तराबाहेर त्र्यंबकेश्वर, नाशिक व काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. यात्रेकरूचे गाव, पिता, पितामह व बंधू यांची नावे त्यांत उतरविलेली असल्याने, महसुली कागद जेथे एकच खातेदार दाखवितो तेथे त्या सबंध घर उभे करतात.

सप्टेंबर 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कुणबी नोंदींच्या शोधार्थ निजामकालीन दप्तरे तपासण्यास आरंभ केला, तेव्हापासून या कागदांना जातप्रमाणपत्राचा पुरावा म्हणून नवे महत्त्व आले आणि वर्षानुवर्षे बांधून ठेवलेले रुमाल सुटले.

औसा तालुक्यात मात्र 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. दगडमातीच्या जड भिंती कोसळून माणसे दगावली, तसे घरोघरच्या पेट्यांतील कागदही ढिगाऱ्याखाली गेले आणि कित्येक गावे अन्यत्र वसविण्यात आली. अशा गावी तहसिलीची प्रत हाती आल्यावरही तीत उल्लेखिलेले घर नव्या वस्तीत शोधणे व्यर्थ असते. एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याला बरोबर घेऊन जुन्या गावठाणावर जावे लागते.