कागदाची मुदत

राजगुरुनगरला आमचे वडीलधारे अजून खेडच म्हणतात. चाकणचे कारखाने वाढले तशी इथल्या पोरांच्या तोंडी व्हिसाची भाषा आली. मार्च 2020 मध्ये अमेरिकी वकिलातींनी नेहमीचे व्हिसाकाम थांबवले, आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली आणि राज्यात 1897 चा साथरोग कायदा लागू झाला.

हा कायदा मी मुद्दाम वाचला. मुंबईतल्या प्लेगमुळे तो 4 फेब्रुवारी 1897 रोजी घाईने झाला. बोटच नव्हे, तिच्यातून जाऊ इच्छिणारा माणूसही अडवून ठेवण्याची त्यात मुभा होती. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाण्यास मनाई झाली.

तेव्हा संशय माणसाच्या अंगावर होता. 2020 मध्ये माणूस धडधाकट, पण आजारी पडला तो कागद! कायम वास्तव्याच्या व्हिसासाठीची वैद्यकीय तपासणी साधारण 6 महिनेच चालते आणि व्हिसाची मुदतही तिच्यापुढे जात नाही. 22 एप्रिल 2020 च्या अमेरिकी आदेशाने अशा बऱ्याच अर्जदारांना दार लागले, ते 24 फेब्रुवारी 2021 ला उघडले. तोवर कितीतरी तपासण्या शिळ्या झाल्या. मुलांचे तर आणखी अवघड. एकविसावे सरले, की आईवडिलांच्या अर्जातून त्यांचे नाव गळू शकते. वय काही वकिलात उघडायची वाट पाहत नाही.