रोजनिशी, रक्त आणि श्वास : जहाजावरील मद्यपान-परीक्षणाच्या नियमांचा इतिहास

फोंडाघाटातून कोकणात उतरणारा निपाणी–देवगड मार्ग घाटमाथ्याला थेट समुद्राशी जोडतो. या किनाऱ्याचा परिसर १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात समाविष्ट होता. या जिल्ह्यातील अनेक तरुण मुंबई बंदरात जाऊन ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर खलाशी म्हणून दाखल झाले. जहाजावरील मनुष्य मद्याच्या अमलाखाली आहे किंवा नाही, हे कोणी व कोणत्या पुराव्यावर ठरवावयाचे, हा प्रश्न त्यांच्या उपजीविकेशी निगडित होता. प्रस्तुत लेखात त्याचाच ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

ब्रिटिश संसदेच्या १८९४ च्या मर्चंट शिपिंग कायद्याने नशेमुळे जहाज वा जीवित धोक्यात आणणे हा गुन्हा ठरविला होता (कलम २२०). त्या कायद्यात परीक्षणाची कोणतीही तरतूद नव्हती. कप्तानाचे निरीक्षण हाच पुरावा होता आणि त्याची नोंद अधिकृत लॉगबुकात होत असे. कलम २२८ नुसार ही नोंद संबंधित खलाशाला स्पष्ट व मोठ्याने वाचून दाखवावी किंवा तिची प्रत द्यावी आणि त्याचे उत्तरही नोंदवावे, असे बंधन होते. तरतूद न्याय्य दिसते. परंतु आरोप करणारा, तो लिहून ठेवणारा आणि उत्तर टिपणारा अधिकारी एकच होता. इंग्रजी न जाणणाऱ्या खलाशाच्या बाबतीत 'स्पष्ट वाचून दाखविणे' या शब्दांना कितपत अर्थ उरत होता, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

याहून दूरगामी परिणाम होत असे तो सेवासमाप्तीच्या दाखल्याचा. भारतीय खलाशी त्याला 'नली' म्हणत. त्यावर वर्तणुकीचा शेरा असे. कप्तानाला मत देण्यास नकार देण्याचीही मुभा होती आणि हा नकार प्रतिकूल शेऱ्याइतकाच घातक ठरे. कारण न सांगता माणसाची पुढील नोकरी रोखणारे यापेक्षा सोपे साधन क्वचितच असेल. भारतीय खलाशी मद्यापासून दूर राहतात, अशी प्रशंसा जहाजमालक उघडपणे करीत. मात्र या संयमी माणसांना गोऱ्या खलाशांच्या तुलनेत कितीतरी कमी वेतन दिले जाई.

मद्यपान अंकात मोजण्याची पद्धत या किनाऱ्यावर प्रथम समुद्रमार्गे आली नाही, ती जमिनीवरील कायद्यातून आली. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. त्यातील कलम ३९ मात्र मालवाहू जहाजे, युद्धनौका व सैन्यवाहू जहाजांवर विदेशी मद्यास परवानगी देण्याचा अधिकार शासनाला देत होते. एफ. एन. बलसारा खटल्यात १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले. १९५९ च्या दुरुस्तीने वैद्यकीय तपासणी व रक्त घेण्याची तरतूद (कलम १२९ अ) आली. रक्तात ०.०५ टक्के वा अधिक मद्यार्क आढळल्यास निषिद्ध मद्य प्राशन केले नसल्याचे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकण्यात आला. तोवर वास, अडखळती चाल व तांबारलेले डोळे यांवर साक्ष उभी राहत असे. आता प्रयोगशाळेचा अहवाल निर्णायक ठरू लागला.

समुद्रावर हा बदल यायला आणखी तीन दशके लागली. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने नोव्हेंबर १९८८ मध्ये व्यापारी जहाजांवरील कर्मचाऱ्यांसाठी अमली पदार्थांच्या मूत्रपरीक्षणाचे नियम जाहीर केले. त्यानंतर चारच महिन्यांनी, २४ मार्च १९८९ रोजी, एक्झॉन व्हाल्डीझ हे तेलवाहू जहाज अलास्कात खडकावर आदळले. कप्तान जोसेफ हेझलवूड यांच्या रक्ताचा नमुना सुमारे दहा तासांनी घेतला गेला. त्यात मद्यार्काचे प्रमाण ०.०६१ टक्के होते; परंतु अपघाताच्या क्षणी ते किती होते, हा वाद मिटला नाही. १९९० मध्ये ज्यूरीने त्यांना नशेच्या आरोपातून मुक्त केले व निष्काळजीपणे तेल सांडल्याबद्दल दोषी धरले. नुसती मर्यादा ठरवून भागत नाही, नमुना केव्हा घेतला हेही तितकेच महत्त्वाचे असते, हे या खटल्याने दाखविले. गंभीर अपघातानंतर दोन तासांच्या आत मद्यपरीक्षण करण्याचा अमेरिकी नियम मात्र २००६ मध्ये अमलात आला.

खलाशांच्या प्रशिक्षणासंबंधीच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय कराराला १९९५ मध्ये जोडलेल्या संहितेत ०.०८ टक्के ही केवळ शिफारस होती. २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनी रक्तात ०.०५ टक्के किंवा श्वासात प्रतिलिटर ०.२५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा बंधनकारक केली. ती १ जानेवारी २०१२ पासून लागू आहे. मुंबई राज्याने १९५९ मध्ये स्वीकारलेला आकडाही हाच होता. मात्र दोहोंचा हेतू भिन्न आहे. दारूबंदी कायद्याला माणूस प्यायला का हे ठरवायचे होते, तर सागरी नियमाला तो पहाऱ्यावर उभा राहण्यास योग्य आहे का हे पाहायचे आहे. हा फरक दुर्लक्षिला की परीक्षण सुरक्षेसाठी न राहता नैतिक पाळत बनते. उलटपक्षी, कप्तानाच्या लहरीविरुद्ध खलाशाच्या हाती प्रथमच स्वतःचे निर्दोषत्व दाखविणारा आकडा आला, हेही नाकारता येत नाही.

भारत या कराराचा पक्ष आहे. तथापि, करारातील तिसऱ्या अनुच्छेदाने मासेमारी नौका आणि पारंपरिक बांधणीची लाकडी जहाजे वगळली आहेत. परिणामी मालवण वा देवगडचा जो तरुण तेलवाहू जहाजावर नोकरी करतो, त्याच्या श्वासाला आंतरराष्ट्रीय मर्यादा लागू होते. त्याच घरातील जो भाऊ ट्रॉलरवर जातो, त्याला हा करार लागू होत नाही. पहाटे नौका बंदराबाहेर काढताना कोणाला किनाऱ्यावर ठेवायचे, हे तेथे तांडेलच ठरवितो. १८९४ च्या कप्तानाला निदान आपला निर्णय लॉगबुकात लिहून ठेवावा लागत असे. तांडेलावर तसे बंधन नाही.